एका गुन्ह्यात अनेक मुलं पीडित असतील तर जबाबांचं वेळापत्रक कोण ठरवतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी आमच्या जिल्ह्यात बालकल्याण समितीकडून नेमलेली सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालची, केस दाखल झाली की मूल आणि त्याच्या घरच्यांसोबत पोलीस ठाणे, दवाखाना, कोर्ट असं शेवटपर्यंत राहायचं, त्यांना पुढे काय होणार ते समजावून सांगायचं, हे आमचं काम.

एका प्रकरणात एकाच ठिकाणी शिकणारी बरीच मुलं आहेत. ओळख पटेल असं काहीही इथे लिहिणार नाही, कुणी विचारूही नये. प्रश्न कामाच्या पद्धतीचा आहे. एका मुलाच्या बाबतीत क्रम साधारण असा असतो: आधी आईला सांगितलं, मग आईने शाळेत नेलं तिथे बाईंनी विचारलं, मग ठाण्यात ड्युटीवरच्या अंमलदाराने, मग तपास अधिकारी मॅडमनी जबाब घेतला, मग डॉक्टरांनी, मग समितीपुढे, मग मॅजिस्ट्रेटपुढे, आणि खूप पुढे कधीतरी कोर्टात साक्ष आणि उलटतपासणी. आता याला मुलांच्या संख्येने गुणा. एकाच दिवशी सगळ्यांना बोलावलं तर पालक आणि मुलं एकाच बाकावर तासन्तास बसतात. तिथेच आपसात बोलणं होतं. वेगवेगळ्या दिवशी बोलावलं तर पहिल्याने काय सांगितलं ते संध्याकाळपर्यंत गल्लीत पोहोचतं.

तर याची आखणी कायद्याने कुणाची जबाबदारी आहे? आणि प्रत्यक्षात ती नीट झालेली कुणी पाहिली आहे का? पोलीस, वकील, डॉक्टर, शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा. माझं ठाम मत आहे की मुलाने एकदाच सांगावं, पण नीट सांगावं, आणि बाकीच्यांनी त्या एकदा सांगण्याभोवती आपलं काम बसवावं.

गोदाकाठ

वाचतेय. फार गरजेचा धागा आहे.

खटला_क्रमांक

मी सत्र न्यायालयात वकिली करते, जास्त करून पीडितांच्या बाजूने. कायद्यातलं आधी सांगते, मग अनुभव.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यातल्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. मूल आरोपीच्या नजरेस पडता कामा नये, रात्री त्याला ठाण्यात ठेवायचं नाही. कलम २६ प्रमाणे आईवडील किंवा मुलाचा विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत हवी, गरज पडली तर दुभाषा किंवा विशेष शिक्षक, आणि शक्य तिथे ऑडिओ-व्हिडिओ. मॅजिस्ट्रेटने जबाब मूल जसं बोललं तसाच लिहायचा, हे कलम २५. कोर्टात मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलवायचं नाही, हे कलम ३३.

म्हणजे एका मुलापुरती तरतूद चांगली आहे. पण अनेक मुलं असतील तर क्रम काय, मधे अंतर किती, कोण कुठे बसेल, यावर कायदा काही बोलत नाही. जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, एवढंच. त्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सगळं अवलंबून राहतं.

जुना_अंमलदार

पोलीस खात्यातून निवृत्त. @रानजाई, तुमची तळमळ कळते. पण खात्याची बाजूही मांडतो.

तालुक्याच्या ठाण्यात महिला उपनिरीक्षक बहुतेक वेळा एकच असते. तिच्याकडे दुसरे गुन्हे असतात, तिला बंदोबस्त लागतो, रात्रपाळी असते, मध्येच कोर्टाचं समन्स येतं. दहा मुलं दहा घरांत, त्यातली दोन दुसऱ्या गावात. घरी जाऊन जबाब घ्यायचा म्हणजे गाडी पाहिजे, आणि खाजगी गाडी पाहिजे, कारण पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की गाव गोळा होतं. त्यातून आरोपी अटकेत असेल तर रिमांडला मॅजिस्ट्रेट विचारणार, इतर पीडितांचे जबाब झाले का? मग घाई होते, सगळ्यांना एकदम ठाण्यात बोलावलं जातं.

हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण 'पोलीस असंवेदनशील' एवढं म्हणून धागा पुढे सरकू नये. माणसं वाढवा आणि दुसऱ्या ठाण्यातून महिला अधिकारी तात्पुरत्या द्या, हे वरिष्ठांना सांगायला हवं. उपविभागीय पोलीस अधिकारी तसा आदेश काढू शकतात. मी तसं झालेलं पाहिलं आहे आणि दोन दिवसांत सगळे जबाब घरोघरी झाले.

मोरपंखी

@जुना_अंमलदार, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा आहे. असा आदेश मागायला पालकांनी अर्ज दिला तर चालतो का?

जुना_अंमलदार

चालतो. अर्ज उपअधीक्षकांच्या किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आवकला देऊन पोच घ्यायची. भाषा साधी ठेवा: इतकी मुलं आहेत, एकच महिला अधिकारी आहे, जबाब घरी आणि एकाच वेळी व्हावेत म्हणून आणखी अधिकारी मिळावेत. मुलांची नावं अर्जात लिहू नका, गुन्हा रजिस्टर नंबर पुरे.

शाळेची_घंटा

मी मुख्याध्यापिका आहे. एक वेगळी अडचण मांडते. कुणी मूल काही सांगतं तेव्हा आम्ही लगेच पोलिसांत कसं जायचं? आधी थोडी शहानिशा नको का? उद्या खोटं निघालं तर एका शिक्षकाचं आयुष्य गेलं. आम्ही शाळेत समिती बसवून मुलांशी बोलतो, खात्री झाली की पुढे. यात चूक काय?

खटला_क्रमांक

@शाळेची_घंटा, तुमचा हेतू समजते, तरी स्पष्टच लिहिते. शहानिशा करण्याचा अधिकार शाळेला नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली तरी कळवायचंच. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण आठवा. बऱ्याच मुलींच्या बाबतीत तो गुन्हा होता. एका डॉक्टरांनी माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. त्यांच्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यामुळे बहुतेक वेळा गुन्हेगाराला संरक्षण मिळतं, असं त्यांनी सांगितलं.

रानजाईंच्या मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. शाळेच्या समितीने मुलांना एकत्र बसवून विचारलेले प्रश्न पुढे बचाव पक्षाच्या वकिलाच्या हातातलं मोठं हत्यार ठरतात. 'तुला बाईंनी विचारलं होतं ना, की सरांनी इथे हात लावला का?' मूल 'हो' म्हणतं. संपलं. मग सगळ्या जबाबावर पढवल्याचा शिक्का.

शाळेची_घंटा

पण मग मुलाने सांगायला सुरुवात केली तर बाईंनी काय त्याला गप्प करायचं?

रानजाई

मुळीच नाही. ऐकायचं. 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस' म्हणायचं. मुलाने जे शब्द वापरले तेच, त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. बाईंनी स्वतःहून नाव, जागा, कृती सुचवायची नाही. 'मग काय झालं?' एवढा एक प्रश्न खूप आहे. आणि इतर मुलांना वर्गात उभं करून विचारायचं नाही. बाई ही मुलाची पहिली श्रोता आहे. तिची ती नोंद पुढे साक्षीत उपयोगी पडते.

फिओर्डकाठी

नॉर्वेत राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथे मुलांच्या शाळेच्या निमित्ताने याविषयी बरीच माहिती झाली, म्हणून लिहितो.

इथे 'बार्नेहूस' म्हणजे मुलांसाठीचं घर अशी सरकारी केंद्रं आहेत. पहिली २००७ मध्ये बर्गन आणि हामारला सुरू झाली. मूळ कल्पना आइसलँडची, १९९८ सालची, आणि त्यांनी ती अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिलला १९८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्रावरून घेतली. पद्धत अशी: घरासारख्या खोलीत मूल आणि खास प्रशिक्षण घेतलेला एकच पोलीस अधिकारी. शेजारच्या खोलीत सरकारी पक्ष, आरोपीचा वकील, मुलाचा वकील, बालसंरक्षण अधिकारी हे सगळे पडद्यावर बघत असतात. त्यांचे प्रश्न त्या अधिकाऱ्याकडे पोहोचतात आणि तो मुलाला समजेल अशा भाषेत विचारतो. हे चित्रण कोर्टात दाखवलं जातं. मूल कोर्टात जात नाही. डॉक्टरी तपासणी आणि समुपदेशनही त्याच इमारतीत.

रानजाईंनी म्हटलंय ना, एकदाच आणि नीट, ते इथे रोज घडतं.

तिसरी_खिडकी

@फिओर्डकाठी, छान आहे, पण पन्नास-पंचावन्न लाख वस्तीचा देश तो. आपल्या एका जिल्ह्यात तेवढी माणसं असतात. अशी तुलना करून हळहळण्यापलीकडे काय मिळतं?

फिओर्डकाठी

पैसे आणि इमारत सोडून द्या. एक गोष्ट बिनपैशाची आहे: प्रश्न कसा विचारायचा. अमेरिकेत एनआयसीएचडी नावाच्या संस्थेतल्या संशोधकांनी मुलांशी बोलण्याची एक पद्धत बसवली, ती आता बऱ्याच देशांत वापरतात. आधी नियम सांगायचे: 'माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, मी चुकीचं बोललो तर मला सांग.' मग एखादी साधी गोष्ट सांगायला लावायची, वाढदिवस, सहल, म्हणजे मुलाला सविस्तर बोलायचा सराव होतो. मग मूळ विषय, तोही खुल्या प्रश्नांनी. हे तालुक्याच्या ठाण्यातही करता येईल.

खटला_क्रमांक

@तिसरी_खिडकी, आपल्याकडेही काही झालेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांच्या साक्षीसाठी प्रत्येक जिल्ह्यात खास केंद्रं उभारायचे आदेश दिले. ती याचिका महाराष्ट्रातूनच गेलेली. देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमली. देशातलं असं पहिलं केंद्र दिल्लीत कडकडडूमा न्यायालयात २०१२ मध्ये झालं होतं. वेगळं प्रवेशद्वार, खेळणी असलेली प्रतीक्षा खोली, आरोपी दिसणार नाही अशी रचना. याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या 'साक्षी' खटल्यातल्या निकालात आहे: पडदा लावा, बचाव पक्षाचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी विचारावेत, मुलाला मधे विश्रांती द्यावी. हे सगळं साक्षीच्या टप्प्यावरचं झालं. तपासाच्या टप्प्यावर, म्हणजे पहिल्या काही दिवसांत, तशी जागा नाही. आणि नुकसान तिथेच होतं.

कडुनिंब

दोन ओळींचा प्रश्न. आमच्या सोसायटीतल्या मुलांची अशी केस झाली तेव्हा पालकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. कुणाच्या मुलाने काय सांगितलं ते सगळं तिथे. हे चालतं का?

जुना_अंमलदार

नाही, नाही, नाही.

एक, पीडिताची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दोन, तो ग्रुप पुढे बचाव पक्षाच्या हाती लागतो आणि एकाचं ऐकून दुसऱ्याने सांगितलं असं म्हणायला पुरावा तयार होतो. ग्रुप हवाच असेल तर तारखा, गाडी, कागदपत्रं एवढ्यापुरता ठेवा. मुलं काय बोलली त्याचा एक शब्द नको.

सांजवात

कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण इथे फार बोलकं आहे. १९८३ मध्ये एका आईच्या तक्रारीवरून पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवलं: तुमच्या मुलांना विचारा, असं असं काही झालं का? पालकांनी घाबरून विचारलं, मुलांनी एकमेकांना सांगितलं. मग एका संस्थेत शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, त्यात 'बाकीच्यांनी आम्हाला सगळं सांगितलंय, तूही सांग' अशा तऱ्हेचे प्रश्न आणि बाहुल्या. मुलांची वर्णनं दिवसेंदिवस विचित्र होत गेली. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही दोषी ठरवता आलं नाही. मुलांशी कसं बोलायचं यावरचं पुढचं बरंचसं संशोधन या आणि अशा खटल्यांमुळे झालं.

तिथे नेमकं काय घडलं होतं ते आता कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून मला वाटतं, चुकीच्या पद्धतीने अनेकांना विचारणं हा मुलांवरही अन्याय आणि निरपराध असेल त्याच्यावरही.

शाळेची_घंटा

हे मला माहीत नव्हतं. शाळेत समिती बसवायची पद्धत थांबवावी लागेल हे पटतंय. शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेते. @रानजाई, त्या नोंदीचा एखादा नमुना आहे का?

रानजाई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

डॉ_पारिजात

सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात आहे. वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

बलात्काराच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला तपासणीला पाठवायचं असतं आणि आम्ही सात दिवसांत अहवाल द्यायचा असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधी संमती, बारा वर्षांखाली पालकांची. मुलाने तपासणी नाकारली तर उपचार नाकारायचे नाहीत. आणि 'टू फिंगर टेस्ट' करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. तरी एखाद्या छापील फॉर्मवर तो रकाना अजून दिसतो, तो खोडा.

आता माझा मुद्दा. तपासणीसाठी हकीकत विचारणं आम्हाला भाग आहे, कारण कुठे दुखतंय, कुठून नमुना घ्यायचा हे त्यावर ठरतं. पण त्यासाठी पूर्ण कहाणी लागत नाही. अनुभवी डॉक्टर तेवढंच विचारतात. अननुभवी निवासी डॉक्टर पोलिसांसारखा सविस्तर जबाब लिहून काढतात आणि मग पोलिसांच्या जबाबात 'संध्याकाळी' आणि आमच्या कागदावर 'दुपारी' असं निघतं. सोबतच्या महिला पोलिसांनी जबाब आधी झाला असेल तर तेवढं आम्हाला सांगावं. आणि एकाच दिवशी पाच मुलं पाठवू नयेत. तपासणीची खोली एकच असते, बाकीची चार बाहेरच्या बाकावर आतलं रडणं ऐकत बसतात.

मोरपंखी

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून थांबले. असं दर वेळी होतं?

डॉ_पारिजात

फोन आधी आला तर होत नाही. 'उद्या पाच आहेत' एवढा एक फोन आला की आम्ही वेळा वाटून देतो, ओपीडीच्या गर्दीनंतरच्या.

ठेवपावती

थोडं विषयांतर, पण अनेक पीडितांचे जबाब म्हटल्यावर राहवलं नाही. आम्ही एका पतसंस्थेत बुडालेले ठेवीदार. आमच्याकडे पीडित हजारांत, बहुतेक सत्तरीचे. आर्थिक गुन्हे शाखेने बोलावलं की रांग जिन्यापर्यंत. एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा लागला की प्रत्येकाचं म्हणणं नोंदवायचं असतं. एकाच्या पावत्या नाहीत, दुसऱ्याचं पासबुक भिजलेलं. म्हाताऱ्या माणसांना तीन-तीनदा यावं लागलं.

खटला_क्रमांक

@ठेवपावती, विषयांतर नाही. तुमच्यासाठी एक गोष्ट नक्की. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साठ वर्षांवरच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीदार म्हणून घराबाहेर कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. जुन्या संहितेत पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती. स्वतःहून यायची तयारी असेल तर वेगळं. लेखी कळवा की जबाब घरी घ्यावा.

दुसरं, पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१. सही मागितली तर नम्रपणे हे दाखवा. मात्र फिर्यादीवर सही लागते. लोक या दोन्हीत गोंधळ करतात.

ठेवपावती

हे आमच्या ठेवीदार संघटनेच्या फलकावर लावतो. धन्यवाद ताई. आमच्यात एक काका ८४ वर्षांचे आहेत, ते म्हणतात मी जिना चढतो, पण वर गेल्यावर साहेब जेवायला गेलेले असतात. आता साहेबांनीच काकांकडे जेवायला यावं, काकू सांदण छान करतात!

गोदाकाठ

सांदणाचं नाव काढलंत! फणसाचा सीझन असेल तर मीही जबाब द्यायला येते. (बरं, पुन्हा विषयावर.)

पाऊलवाट

तस्करीतून सोडवलेल्या मुलींसोबत काम केलं आहे. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत कामाठीपुरा इथून सुटका होते, मुली बंगाल, कर्नाटक, आंध्र, नेपाळकडच्या. एका छाप्यात अनेक जणी एकदम. भाषा वेगळी, शेजारी बसलेली बाई कधी पीडित असते तर कधी कोठेवालीने नेमलेली नजर. म्हणून सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे त्यांना वेगळं बसवणं. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कलम १५ मध्ये अट आहे की सुटका झालेल्यांची चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्यानेच करावी, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्यासमोर करावी.

पहिल्या रात्री घेतलेला जबाब बहुतेक वेळा खोटा असतो: नाव खोटं, वय वीस, 'मी माझ्या मर्जीने आले'. हे तिला शिकवलेलं असतं. चार दिवसांनी, झोप झाल्यावर, तिच्या भाषेतल्या बाईशी बोलल्यावर खरं बाहेर येतं. म्हणून 'एकदाच सांगावं' या रानजाईच्या मताला माझा विरोध आहे. आमच्या मुलींना दुसरी संधी नसती तर एकही केस उभी राहिली नसती.

सांजवात

पाऊलवाट यांच्याशी सहमत. लहान मुलंसुद्धा हळूहळू सांगतात. आधी थोडं सांगून समोरचा कसा घेतो ते बघतात.

खटला_क्रमांक

यात दोन गोष्टी वेगळ्या करू. त्याच माणसाने, विश्वासाच्या जागी, खुल्या प्रश्नांनी पुन्हा बोलणं आणि त्याचा पुरवणी जबाब करणं, हे योग्य आहे. कोर्ट ते समजून घेतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग निकालातच म्हटलं आहे की अशा गुन्ह्यांत तक्रारीला उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही आणि बारीकसारीक विसंगतीवरून पीडितेला अविश्वसनीय ठरवू नये. घातक असतं ते आठ वेगवेगळ्या अनोळखी माणसांनी तेच तेच, आपापल्या सोयीने विचारणं.

पुरवणी जबाबात एक ओळ जरूर असावी: आधी हे का सांगितलं नव्हतं. तिच्याच शब्दांत. 'भीती वाटत होती', 'तो माणूस बाहेर उभा होता'. ती ओळ नसेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

रानजाई

@पाऊलवाट, तुमचं म्हणणं पटलं. 'एकदाच' ऐवजी 'एकाच माणसाला' असं म्हणते. गरज असेल तितक्या वेळा, पण चेहरा तोच.

पाऊलवाट

हे मान्य! आणि एक भर. मुली परत गावी गेल्या की खटल्यासाठी त्यांना हजार-दोन हजार किलोमीटर आणणं हाच छळ असायचा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तस्करीतल्या मुलांची साक्ष त्यांच्या जवळच्या जिल्हा न्यायालयातून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्याची कार्यपद्धती मान्य केली. तिथे एक समन्वयक बसतो, मुलीजवळ दुसरं कुणी नाही ना ते बघतो. महाराष्ट्रातल्या वकिलांनी हे मागून घ्यावं, आपोआप मिळत नाही.

तिसरी_खिडकी

सगळं वाचलं. व्हिडिओबद्दल शंका: प्रत्येक जबाबाचं चित्रण केलं की प्रश्न सुटेल असं सगळे का मानतात? लेखी जबाब आणि चित्रण यात फरक निघाला की बचाव पक्ष तेवढंच धरणार ना?

खटला_क्रमांक

धरतो, बरोबर. लेखनिकाने सारांश लिहिला असेल तर फरक निघतोच. उपाय म्हणजे चित्रण बघून मूल बोललं तसंच लिहून काढणं, बोलीसकट. चित्रणाचा दुसरा फायदा असा की प्रश्न कसा विचारला तेही दिसतं, त्यामुळे पढवल्याचा आरोप टिकत नाही.

मला खरं तर पुढचं पाऊल हवं आहे. पीडित व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल तर मॅजिस्ट्रेटपुढचा चित्रित जबाब हीच तिची सरतपासणी (सरकारी वकिलाने घ्यायची पहिली साक्ष) धरतात, पुन्हा सगळं सांगावं लागत नाही, फक्त उलटतपासणी होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मधलीच तरतूद आहे. ती सगळ्या मुलांना का नाही? कायद्यात एवढा एक बदल झाला तर दहा मुलांचं कोर्टात पुन्हा पहिल्यापासून सांगणं वाचेल.

कडुनिंब

हे तर खासदारांना लिहायला हवं.

चिंचेचं_झाड

बदलापूरच्या प्रकरणानंतर काही बदललं का हो? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती आणि जबाब नोंदवण्यातल्या दिरंगाईवर पोलिसांना खडसावलं होतं.

जुना_अंमलदार

काही ठाण्यांत बदललं. अधिकारी आता साध्या कपड्यांत जायला विसरत नाहीत. पण दुसरी-तिसरी पीडित पुढे आली की तिच्याकडे 'साक्षीदार' म्हणूनच बघतात, पीडित म्हणून नाही. तिचा जबाब 'नंतर घेऊ' होतो. वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी लिहीन.

एक_आई

नवीन सदस्य आहे, लिहिण्यासाठीच खातं काढलं. मी अशाच एका प्रकरणातली आई.

कायद्याचं वरच्यांनी सांगितलं. मला एवढंच सांगायचंय की आम्हाला कुणी पुढचं काहीच सांगत नव्हतं. फोन यायचा, उद्या मुलाला घेऊन या. कशाला, किती वेळ, कोण विचारणार, काही नाही. नवऱ्याचा रोज बुडायचा. मुलाची परीक्षा होती, ती बुडाली. नंतर एक सपोर्ट पर्सन मिळाल्या. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: हे झालं, हे राहिलं, या दिवशी हे होईल, तिथे अशी खोली असेल, तू थकलास की हात वर कर. तो कागद मुलाने स्वतःजवळ ठेवला. त्यानंतर रात्री उठणं कमी झालं.

बाकी पालकांना सांगते, विचारा. तुम्हाला विचारायचा हक्क आहे.

रानजाई

@एक_आई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दोन गोष्टी तुमच्या आणि इतर पालकांच्या उपयोगी. पॉक्सो नियम २०२० मधल्या नियम ८ प्रमाणे बालकल्याण समिती प्रवास, अन्न, कपडे अशा तातडीच्या खर्चासाठी विशेष मदतीची शिफारस करू शकते, ती आठवड्याभरात मिळायला हवी. बुडालेल्या रोजाबद्दल आणि एसटीच्या भाड्याबद्दल तिथे अर्ज करा. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना वेगळी, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणं पोलिसांवर आता बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३.

शाळेची_घंटा

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालं नाही. आखणी कुणी करायची?

रानजाई

बरोबर पकडलंत. हा धागा वाचून आणि आमच्या तपास अधिकारी मॅडमशी बोलून जे ठरलं ते लिहिते.

कायद्याने जबाबदारी त्यांचीच, ती राहील. पण वेळापत्रक एका बैठकीत ठरेल. बैठकीला तपास अधिकारी, बालकल्याण समितीचा एक सदस्य, रुग्णालयातली एक डॉक्टर, सरकारी वकील आणि मी. मुलांना नावाऐवजी अक्षरं, म्हणजे कागद कुठे पडला तरी काही कळणार नाही. ज्या दोन मुलांची घट्ट मैत्री आहे त्यांचे जबाब एकाच वेळी, दोन वेगळ्या घरी, दोन महिला अधिकाऱ्यांकडून. दुसऱ्या अधिकारीसाठी अर्ज @जुना_अंमलदार यांनी सांगितला तसा दिला आहे. एका मुलाशी शेवटपर्यंत एकच अधिकारी बोलेल. समितीपुढे मुलाला घटना पुन्हा विचारायची नाही, फक्त राहणं, शाळा, सुरक्षितता एवढंच बोलायचं. समितीने हे आनंदाने मान्य केलं. दवाखान्यात दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबासाठी सकाळची पहिली वेळ आणि चेंबरमध्ये बसायची विनंती सरकारी वकील करतील. मुलं धाकटी आहेत, दुपारी पेंगतात. प्रत्येक पालकाला @एक_आई यांनी सांगितला तसा कागद, मोठ्या अक्षरात.

जुना_अंमलदार

अर्जाची पोच मिळाली का?

रानजाई

मिळाली. सोमवारी शेजारच्या ठाण्यातल्या मॅडम येत आहेत.

डॉ_पारिजात

आमच्या रुग्णालयातही ही बैठक सुरू करायची आहे. तो अक्षरांचा तक्ता कसा आखलात, रकाने कोणते, तेवढं व्यनि कराल का?